रविवारची सुटी आणि मुरलेला शीण

कांदिवलीचे स्थानक 1907 च्या सुमारास उभे राहिले, तेव्हा त्याचे नाव ‘खांडोली’ होते. स्थानकाच्या पूर्वेकडील टेकडीची माती बॅकबेच्या भरावासाठी रेल्वेने वाहून नेली जाऊ लागली आणि त्या कामासाठी सुमारे हजार मजूर येथे वसवले गेले. दक्षिण मुंबईची जमीन वाढवण्यासाठी उपनगराने अंग झिजवले ते तेव्हापासून, आणि म्हणूनच श्रमाला मर्यादा कोणी व कशी घातली हा प्रश्न कांदिवलीच्या इतिहासालाही लागू पडतो.

त्या मर्यादेची पहिली संघटित मागणी मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागातून, गिरणगावातून आली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली गिरणी कामगारांनी जे निवेदन तयार केले, त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम अशा मागण्या होत्या, आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. सहा वर्षांच्या चिकाटीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. आठवड्याला 60 तासांची मर्यादा 1922 च्या कायद्याने आली, तर 48 तासांची 1948 च्या कारखाने अधिनियमाने. सूर्यास्तापर्यंतचे काम ही सवलत म्हणून मागावी लागत होती, यावरून त्या काळच्या दिवसाची लांबी ध्यानात येते.

तास ठरले तरी शीण सरला नाही. त्याला आज ज्या नावाने ‘बर्नआउट’ म्हणतात, ती संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये रूढ केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तिची व्याख्या करताना तिला आजार न मानता कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा परिणाम मानले. तिच्या तीन खुणा सांगितल्या जातात: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. थकवा आणि शीण यांतला भेद मराठीत जुनाच आहे. थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो, शीण मात्र मुरतो, आणि काम ‘अंगावर येऊ’ लागते. रविवार घालवूनही सोमवारी तीच जडता उरत असेल, तर ती खूण गंभीरपणे घ्यावी.

आकुर्ली रस्त्यावरील ट्रॅक्टर कारखान्याने आणि 1985 नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या चारकोपच्या वसाहतीने कांदिवली नोकरदारांची झाली, आणि चर्चगेटपर्यंतचा सुमारे तासाभराचा लोकल प्रवास, तोही बहुधा उभ्याने, दिवसाला दोनदा जोडला गेला. हा वेळ कोणत्याही हजेरीपटात मोजला जात नाही, ही कामाचे तास ठरवणाऱ्या कायद्यांची मोठी उणीव आहे. विश्रांतीचा भार एकट्या माणसाच्या योगासनांवर टाकणे लोखंड्यांच्या वारशाला धरून नाही, कारण त्यांनी मागितले ते ठरलेले तास. याउलट, सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली.