इव्रेआचा दीप आणि गुरूचे ऋण

ज्ञानाची परंपरा सांगताना आपले पूर्वज दिव्याने दिवा लावण्याचा दृष्टांत देत. एका समईच्या ज्योतीवरून दुसरी पेटविली, म्हणून पहिलीचा प्रकाश उणा होत नाही. मात्र ज्या ज्योतीवरून आपली ज्योत लागली तिचे स्मरण ठेवावे, हाही त्याच परंपरेचा दंडक होय. ऋषिऋण म्हणतात ते हेच. अर्वाचीन यंत्रविद्येच्या एका लहानशा प्रकरणात या दोन्ही गोष्टींची कसोटी लागली. ते प्रकरण येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चिपेवर वसविलेला संपूर्ण गणकच. गणन करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी देवघेव करण्याची साधने ही सारी त्यात एकत्र नांदतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० ही चिप १९७४ साली बाजारात आली. १९८० मध्ये इंटेलची ८०५१ आली, आणि आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुढे अनेक वर्षे हीच या विद्येची बाराखडी ठरली. परंतु नवशिक्याची वाट खडतर होती. चिपेत आज्ञावली भरण्यास निराळे उपकरण लागे. काही जातींच्या चिपांतील जुनी आज्ञावली पुसण्यासाठी त्या अतिनील किरणांखाली ठेवाव्या लागत. एक चूक झाली की हा सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून! १९९२ साली कॅलिफोर्नियातील पॅरॅलॅक्स कंपनीने ‘बेसिक स्टॅम्प’ काढून ही वाट पुष्कळ सुगम केली. तथापि त्याची किंमत विद्यार्थ्याला परवडण्याजोगी नव्हती.

उत्तर इटलीत इव्रेआ नावाचे जुने नगर आहे. कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनी १९०८ साली तेथे टंकलेखन यंत्रांचा कारखाना काढला, आणि त्याच कंपनीने १९६५ मध्ये ‘प्रोग्रामा १०१’ हे मेजावर मावणारे गणकयंत्र जगापुढे मांडले. अशा या यंत्रप्रेमी नगरात एकविसाव्या शतकाच्या आरंभी संवादी वस्तूंच्या रचनेचे शिक्षण देणारी एक संस्था उभी राहिली. येथील विद्यार्थी कलावंत होते, रचनाकार होते. विद्युत्शास्त्राचा अभ्यास त्यांनी सहसा केलेला नव्हता. त्यांच्या हाती हे साधन कसे द्यावे, हा मास्सिमो बान्झी या अध्यापकांपुढील प्रश्न होता.

त्याचे पहिले उत्तर एर्नान्दो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने दिले. कलावंतांसाठी केसी रियास व बेन फ्राय यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ ही सोपी संगणकभाषा सिद्ध केली होती. तिचे वळण पुढे ठेवून बारागान यांनी ‘वायरिंग’ नावाची पाटी आणि तिची लेखनप्रणाली निर्माण केली. २००४ सालचा त्यांचा प्रबंध याच विषयावर आहे. बान्झी आणि रियास हे त्यांचे मार्गदर्शक होते.

या प्रणालीत प्रत्येक आज्ञावलीचे दोन भाग असतात. ‘सेटअप’ हा भाग आरंभी एकदाच चालतो, ‘लूप’ हा अखंड फिरत राहतो. देवालयात प्राणप्रतिष्ठा एकदाच होते आणि नित्यपूजा मात्र रोज चालते, तसेच काहीसे हे आहे. नवशिक्याचा पहिला पाठ म्हणजे इवलासा दिवा एक सेकंद लावणे व एक सेकंद विझविणे. अवघ्या पाचसहा ओळी. परंतु आपण लिहिलेल्या शब्दांनी जड वस्तू हलली, हा अनुभव ज्याने घेतला तो सहसा मागे फिरत नाही.

२००५ साली बान्झी, दाव्हिद क्वार्तिएल्लेस व डेव्हिड मेलिस यांनी वायरिंगच्याच पायावर, अधिक स्वस्त अशी एटीमेगा ८ ही चिप घेऊन, नवी पाटी रचली. इव्रेआत एक पानगृह होते, इ. स. १००२ मध्ये इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनचे नाव त्याला दिलेले होते. तेथूनच ‘आर्डुइनो’ हे नाव आले. संस्था बंद होण्याच्या मार्गावर होती आणि तिच्याबरोबर हे कार्यही बुडेल, अशी धास्ती होती. म्हणून पाटीचा आराखडा व आज्ञावली सर्वांस खुली करण्यात आली. कोणीही ती करावी, सुधारावी, विकावी. संस्था गेली, विद्या मात्र उरली व देशोदेशी पसरली. २०१० सालच्या ‘उनो’ पाटीची एकंदर आज्ञा-स्मृती ३२ किलोबाइट. तेवढ्यावर मुलांनी झाडांना पाणी घालणारी यंत्रे केली, हवामान मोजले. भारतात २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती अशाच पाट्या येऊ लागल्या.

परंतु या यशाला एक किनार आहे. आपणास या कार्यात सहभागी होण्याचे निमंत्रणच आले नाही, असे बारागान यांनी २०१६ साली स्वतः लिहिले. वायरिंग खुली होती, त्यामुळे तिच्यावरून पुढे जाण्यास परवाना आड येत नव्हता. वायरिंगचा आधार आर्डुइनोच्या मंडळींनी नाकारलेलाही नाही. तरीही जन्मकथा सांगताना बारागान यांचे नाव पुष्कळदा गळते. पुढे खुद्द संस्थापकांतही नावाच्या हक्कावरून तंटा झाला आणि २०१६ मध्ये तो मिटला. विद्या वाटून वाढली. मान वाटताना मात्र हात आखडला, असेच म्हणावे लागते.

परवाना व्यवहार सांभाळतो. ऋण फेडण्याचे काम स्मरणाला करावे लागते. म्हणून आपल्या घरातील एखादे मूल पहिला दिवा लुकलुकवून हर्षाने हाका मारील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी कौतुक तर करावेच. आणि हा दिवा कोणाकोणाच्या ज्योतीवरून लागला, हेही त्याला सांगावे.