जुनी गाडी तिरकी चालते? मागचं चाक तपासा, मगच सौदा करा

बदलापूर : वांगणी, नेवाळी, बारवी धरणाकडच्या गावांतून अनेकजण जुनी चारचाकी घेतात. इंजिन ऐकलं, रंग बघितला की सौदा ठरतो. मागच्या चाकांकडे कोणी वाकून बघत नाही. तिथे चाक वाकडं निघालं तर नवे टायर लवकर झिजतात आणि पावसात गाडी मागून घसरायची भीती वाढते.

पुढचं अलाइनमेंट का पुरत नाही?
पुढच्या चाकांना टाय रॉडवर सेटिंग असतं. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे दोन्ही चाकं जोडणारा अख्खा बीम किंवा एक्सल असतो, त्याला सेटिंगच नसतं. तो खड्ड्यात आपटून किंवा अपघातात वाकला की मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलतात. मग सरळ जायला स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. अशा वेळी पुढची चाकं कितीही सेट केली तरी दोष तसाच राहतो.

सौद्याआधी काय बघाल?
१. चारही टायरमध्ये हवा सारखी ठेवा. सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालवा आणि स्टिअरिंग सरळ राहतं का ते बघा.
२. मागच्या टायरवर आडवा हात फिरवा. एकच कड झिजली असेल किंवा करवतीसारखे दाते लागत असतील तर शंका घ्या.
३. ओल्या मातीवरून सरळ जा. पुढच्या चाकोरीपासून मागची चाकोरी डाव्या-उजव्या बाजूला सारखीच हवी.
४. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. फरक सेंटिमीटरच्या आसपास गेला तर बीम किंवा बॉडीला मार बसलेला असू शकतो.
५. पुढच्या चाकांना दगड लावून मागची बाजू जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

जुलै २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेअरिंगला गंज धरतो, चालताना मागून घूं-घूं आवाज येतो. तोही ऐका.

दोष निघाला तर?
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला कॉम्प्युटरवर अलाइनमेंट होतं. तिथे ‘चारही चाकांचं करा आणि प्रिंट द्या’ असं स्पष्ट सांगा. प्रिंटवर मागच्या चाकांचा टो, कॅम्बर आणि थ्रस्ट अँगल बघा.

दुरुस्ती स्वस्त कामापासून सुरू करा. आधी टायर आणि रिम अदलाबदल करून बघा, मग बेअरिंग, मग बीमचे रबरी बुश, शेवटी स्टब आणि बीम. ज्या गाड्यांत स्टब बोल्टने बसतो, तिथे थोडा फरक असेल तर शिम टाकून निघतो. वाकलेला बीम गॅसने तापवून सरळ करायला देऊ नका, लोखंडाची ताकद जाते. बीम बदलणंच बरं. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात वापरलेला बीम मिळू शकतो, पण तोही वाकलेला नाही ना, हे मेकॅनिककडून बघून घ्या.

बीम जिथे बॉडीला बसतो ती जागाच वाकली असेल, तिथे नवं वेल्डिंग दिसत असेल, तर ती गाडी सोडा. फक्त बुश किंवा बेअरिंग गेलं असेल तर खर्चाचा आकडा लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.

आपल्याकडची नोंदणी कल्याण आरटीओत, म्हणजे एमएच ०५ मध्ये होते. नाव चढवायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करण्याआधी अलाइनमेंटची प्रिंट हातात असू द्या. विकणारा तपासणीला गाडी द्यायला तयार नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.