माहुली
सातारा जिल्ह्यातील एक तीर्थक्षेत्र व ऐतिहासिक स्थळ. सातारा शहराच्या पूर्वेस सुमारे ५ किमी. अंतरावर, कृष्णा-वेण्णा संगमावर ते वसले आहे. कृष्णेच्या पश्चिम तीरावरील वस्तीस संगम माहुली व पूर्व तीरावरील वस्तीस क्षेत्र माहुली म्हणतात. संगमामुळे या स्थळास पावित्र्य लाभले. तथापि त्याचा उत्कर्ष झाला, तो छत्रपती शाहूंच्या कारकीर्दीत (१७०८–४९) सातारा हे राजधानीचे ठिकाण बनल्यावर.

येथील मंदिरांपैकी संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधी यांनी १७३५ च्या सुमारास बांधले. पैलतीरावरील रामेश्वर मंदिर त्याहून जुने आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल (१७७३) राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे क्षेत्र माहुलीचे. दुसरा बाजीराव व सर जॉन माल्कम यांची भेट ऑगस्ट १८१७ मध्ये माहुलीस झाली. परंतु समेट टिकला नाही व नोव्हेंबरात खडकी येथे युद्धास तोंड लागले.

सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींचे अंत्यसंस्कार माहुलीच्या नदीकाठी होत. शाहू व महाराणी ताराबाई (मृ. १७६१) यांच्या समाध्या येथेच आहेत. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि माहुलीचा राजाश्रय संपला. आश्रितांनी बांधलेली मंदिरे आजही भक्कम उभी आहेत. राज्यकर्त्यांच्या साध्या समाध्यांची मात्र, नदीपात्रालगत असल्याने, पुराने व गाळाने हानी झाली आहे.