पोराची खोली



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. शेळी, शिलाई मशीन, पोरीची फी, असे अर्ज नेहमीचेच. हा होता 60,000 रुपयांचा आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलाची बेडरूम'. अर्ज करणाऱ्या ताईंनी मोबाईलवर फोटोही दाखवले. एक भिंत करड्या रंगाची, वर पीओपीचं छत, छताच्या कडेने निळा उजेड, खाली बॉक्स बेड आणि पुरुषभर उंचीचा आरसा. मुलगा 26 वर्षांचा, कंपनीत कामाला. ताई म्हणाल्या, "स्थळं येतात, पण पाहुणे चहा घ्यायच्या आधी विचारतात, पोराला सेपरेट खोली आहे का?"

दोघी-चौघी हसल्या. कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या टायमाला पोराला मिसरूड फुटलं की ते घरात झोपतच नव्हतं."

ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजे, लढाया, तह सगळं पाठ केलं. पण घरातलं तरणं पोरगं रात्री कुठे झोपायचं, हे कुठल्याच पेपरात आलं नाही. म्हणून थोडं वाचलं, थोडं जुन्या माणसांना विचारलं. तेच आज सांगते.

आमच्या सातारा भागातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चूल आणि परडं. सोप्यात पुरुष, माजघरात बाया आणि लेकरं. खोली ही माणसाची नव्हतीच, कामाची होती. धान्याची, देवाची, गुरांची. नावानिशी एका माणसाची म्हणावी अशी एकच, बाळंतिणीची खोली. ती बहुधा अंधारी, बिनखिडकीची. म्हणजे घरात हक्काची खोली मिळाली ती बाईलाच, पण सुवेरापुरती!

आणि पोरगं? ते घोंगडं काखोटीला मारून बाहेर पडायचं. देवळात, चावडीच्या कट्ट्यावर, सुगीत खळ्यावर, नाहीतर मळ्यात राखणीला. ज्याला अंगाचा शौक, तो तालमीत. कोल्हापूर भागात तर शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. खासबागेचं मैदान 1912 सालचं. तालमीतली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मळलेली. भिंतीला लंगोटाच्या खुंट्या, कोनाड्यात मारुती. त्या काळातली स्टायलिश खोली म्हणा ना! फरक एवढाच की ती साऱ्या गावची होती. गडचिरोलीकडे माडिया गोंडांच्या गावांत गोटुल असतं, तीही गावातल्या तरुणांची मिळून एक जागा.

शिकणाऱ्या पोरांसाठी पुढे बोर्डिंगं आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका छताखाली, एका पंगतीला. त्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पोरांच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून बाईने सोनं मोडणं आपल्याकडे काही आजचं नाही, हे मला त्या अर्जाकडे बघताना आठवत होतं.

पण आपल्या घराघरांतला खरा बदल झाला तो मुंबईमुळे. 1850 नंतर तिथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची तरणी पोरं एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन निघाली. परळ, लालबाग, वरळीच्या चाळीत गाववाल्यांचा गाळा असायचा. दहा बाय बाराच्या जागेत वीस-तीस जण. मावायचे कसे? पाळीवर. रात्रपाळीचा माणूस सकाळी यायचा आणि दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीतली एक खुंटी आणि ट्रंकेएवढी जमीन. ट्रंकेच्या झाकणाला आतून देवाचं चित्र, घरच्यांचा फोटो असला तर तो, आणि आलेली पत्रं. पोराची खोली म्हणजे ते ट्रंकेचं झाकण.

1920 नंतर सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली खोली 160 चौरस फुटांची. तीही एकाला कुठली मिळायला? पाहुणेरावळे, गावाहून आलेली पोरं, सगळे त्यातच.

या पुरुषांना जेवू कोण घालत होतं? खाणावळवाल्या बाया. महिन्याच्या पगारावर पैसे मिळायचे, तोवर दुकानदाराची उधारी आणि सावकाराचं व्याज. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आज आपण वहीवर अंगठा नाहीतर सही करून कर्ज घेतो, तेव्हा या बायांची आठवण ठेवायला हवी. आणि गावात राहिलेल्या? त्या मनिऑर्डरीची वाट बघत शेत करत होत्या. माझी आजी त्यातलीच. आजोबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि यात्रेला, तेव्हा दोघांना घरात जागा नसायची. आजी हे सांगताना अजून पदर तोंडाला लावते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. कित्येक जण ट्रंक घेऊन परत आले ते आलेच. मुंबईच्या सवयी घेऊन आले. लोखंडी कॉट, भिंतीवर आरसा, ट्रान्झिस्टर, खुंटीऐवजी हँगर. सोप्याचा एक कोपरा पडदा लावून वेगळा झाला. मग स्लॅबची घरं आली, हॉल आला, त्यात दिवाण आला, दिवाणावर आजा आणि पोरगं आळीपाळीने. तालमीतलं, देवळातलं झोपणं आपोआप बंद पडलं. बेडरूम हा शब्द तर गावात काल-परवा आला, तोही लग्नाच्या बोलण्यातून. नव्या सुनेला दार लावता येईल अशी खोली हवी, ही मागणी मला चुकीची वाटत नाही. आजीला विचारा.

फक्त थोडा हिशेब मांडते. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली. त्यात दहा बाय बाराची खोली पोराला दिली की 120 फूट गेले. राहिलेल्या 149 फुटांत चूल, मोरी, धान्य, देव, म्हातारी माणसं आणि आई.

म्हणून त्या बैठकीत मी ताईंना विचारलं, "तुम्ही कुठे झोपता?"

"मी काय, कुठंबी. चुलीपाशी, पोत्यांच्या कडेला."

"आणि घर कुणाच्या नावावर?"

घर अजून सासऱ्यांच्याच नावावर होतं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या नावावर, जामीन गटातल्या दहा बाया, आणि नमुना आठ वर बाईचं नाव कुठेच नाही. बैठकीतल्या हसणाऱ्या गप्प झाल्या, कारण बहुतेकींचं तसंच होतं.

मुलाला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं चिडेल. तो आला, खाली मान घालून बसला, आणि म्हणाला, "मॅडम, मित्रांना घरी आणायला लाज वाटते." त्याच्या आजोबांना मुंबईत खुंटी होती, वडिलांना दिवाण होता, याला निदान एक भिंत स्वतःची हवी होती. त्याला नावं ठेवावीत असं मला वाटलं नाही.

मग गवंडीकाम करणाऱ्या आमच्याच एका सदस्याच्या मालकांना घेऊन खोली बघितली. वर पत्रा. पत्र्याखाली पीओपी म्हणजे पावसाळ्यात पहिल्याच गळतीला डाग पडणार, फुगणार. त्यापेक्षा समोरासमोर दोन खिडक्या काढा, पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, म्हणजे ऊन कमी तापेल. भिंतीला आतून प्लास्टर, एका भिंतीला त्याच्या आवडीचा करडा रंग. बॉक्स बेड तयार घेण्यापेक्षा सुताराकडून करून घ्या, खाली कप्पे, त्यात गोधड्या आणि धान्याचे डबे मावतील. भिंतीत कडप्प्याचं फडताळ. आरसा हवा तर घ्या, खोली मोठी दिसते आणि मुलग्यांनाही तोंड बघावंसं वाटतं की! हिशेब 38,000 वर आला. 20,000 गटाने दिले, बाकी मुलाने आपल्या पगारातून घालायचे, आणि हप्ता भरायला दर महिन्याला त्याने स्वतः बैठकीत यायचं. ही शेवटची अट आत्याबाईंनी घातली.

दुसरी गोष्ट अवघड होती. वारसनोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला, मृत्यूचा दाखला जोडला. दोनदा परत आला, एकदा सही राहिली म्हणून, एकदा दिराच्या संमतीसाठी. दीर अजून तयार नाही.

खोलीचं काम मात्र चालू आहे. परवा बघून आले. पूर्वेच्या खिडकीखाली हातभर जागा मोकळी सोडलेली दिसली. मी विचारलं, इथे काय? मुलगा म्हणाला, "आईची मशीन. उजेड इथंच चांगला येतो."