‘परमिट रूम’ या पाटीचा इतिहास

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात हमरस्त्याने जाताना ‘परमिट रूम’ ही पाटी दृष्टीस पडते. आत मद्य मिळते, एवढाच तिचा अर्थ सामान्य माणूस घेतो. परंतु या शब्दाचा जन्म मद्यविक्रीच्या मोकळिकीतून झालेला नसून दारूबंदीतून झालेला आहे.

इंग्रजी अमदानीत परवाना हे महसुलाचे साधन होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये मद्य गाळणाऱ्याने व विकणाऱ्याने परवाना घ्यावयाचा आणि सरकारने कर वसूल करावयाचा, अशी रीत होती. पिणाऱ्याची पृच्छा कोणी करीत नसे. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. परंतु त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो प्रयोग अपुरा राहिला.

स्वातंत्र्यानंतर खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यातच होते, आणि बडोदे संस्थानही त्याच वर्षी त्यात विलीन झाले होते. या कायद्याने परवान्याचा अर्थच पालटला. आता पिणाऱ्यालाही परवाना आवश्यक झाला. मद्य सोडल्याने ज्याच्या प्रकृतीस गंभीर व कायमचा अपाय होईल अशा व्यक्तीस, तसेच भारतात कायम वास्तव्य न करणाऱ्या परदेशीयास तो मिळू शके. हॉटेलचालकाने अशा परवानाधारकांनाच विदेशी मद्य विकावयाचे होते, आणि तेही सर्वसामान्य लोकांचा वावर असलेल्या दालनात प्राशन करू द्यावयाचे नव्हते. या बंधनातूनच परवानाधारकांसाठी राखून ठेवलेली खोली, म्हणजे ‘परमिट रूम’, उदयास आली.

एकास मुभा आणि दुसऱ्यास शिक्षा, हा भेद न्याय्य आहे काय? एफ. एन. बलसारा यांनी हा प्रश्न न्यायालयापुढे नेला. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधनद्रव्ये यांवरील बंदी रद्द ठरली. परदेशीयांची व सैनिकी भोजनगृहांची सवलत मात्र वैध ठरली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न निकालात निघाला, तरी व्यवहारात विषमता उरलीच. वैद्यकीय दाखला मिळवू शकणाऱ्या सुखवस्तू माणसास परवान्याचा मार्ग खुला होता. श्रमिकाच्या वाट्यास हातभट्टी व तुरुंग आले.

१९६० च्या राज्यविभाजनानंतर एकाच अधिनियमाच्या दोन वाटा झाल्या. गुजरातेने बंदी कायम राखली. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळील ‘गिफ्ट सिटी’तील हॉटेले व उपाहारगृहे यांस तेथे सवलत देण्यात आली, तीही परवान्याच्याच चौकटीत. महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत बंधने सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. परवान्याविना मद्य प्राशन करणे हा त्याच्या अक्षरानुसार आजही अपराध आहे. शेजारच्या गोव्यात १९६४ च्या अबकारी कायद्याखाली परवाना विकणाऱ्याने घ्यावयाचा असतो, पिणाऱ्याने नव्हे.

दारूबंदी इष्ट की अनिष्ट, याविषयी प्रामाणिक मतभेद संभवतो. परंतु जो नियम सर्रास मोडला जातो आणि तरीही कायद्यात तसाच ठेवला जातो, तो कोणावर आणि केव्हा चालवावयाचा हे सर्वस्वी अंमलदाराच्या मर्जीवर राहते. खेर मंत्रिमंडळाचा हेतू दुर्बलांचे संसार सावरण्याचा होता. त्या हेतूची आठवण देणारी पाटी आज मद्यालयाच्या दारावरच झळकावी, हा या इतिहासाचा खेदजनक शेवट होय.