दुब्रोव्हनिक : बंदर, महाकाय पर्यटन जहाजे आणि नियमनाचा प्रश्न – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानवी संस्कृतीच्या इतिहासात बंदरांचे स्थान अनन्यसाधारण आहे. बंदर हे केवळ माल चढविण्या-उतरविण्याचे ठिकाण नसते, तर परक्या जगाशी व्यवहार कोणत्या अटींवर करावयाचा, याचा निर्णय जेथे घेतला जातो असे ते एक राजकीय व सामाजिक केंद्र असते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी जगातील अनेक लहान बंदरांसमोर एक नवीनच समस्या उभी राहिली. तीन ते पाच हजार प्रवासी वाहून नेणारी महाकाय पर्यटन जहाजे सकाळी येतात, काही तासांसाठी संपूर्ण गाव व्यापून टाकतात आणि सायंकाळी निघून जातात. या समस्येकडे सामान्यतः पर्यावरणाच्या किंवा अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले जाते. तथापि हा प्रश्न मूलतः ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. येणाऱ्या जहाजाला अटी घालण्याचा बंदराचा अधिकार कसा निर्माण झाला, तो कसा लोप पावला आणि तो पुन्हा मिळविता येतो काय, असा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या तटबंदीयुक्त शहराच्या आधारे त्याची चर्चा केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१. रागुझा प्रजासत्ताकाच्या काळातील बंदर नियमनाचे स्वरूप अभ्यासणे.
२. महाकाय पर्यटन जहाजांचा दुब्रोव्हनिकच्या अर्थव्यवस्थेवर, लोकजीवनावर व वारशावर झालेला परिणाम तपासणे.
३. २०१७ नंतरच्या नियमनाचे ऐतिहासिक दृष्टिकोनातून मूल्यमापन करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

रागुझा प्रजासत्ताक आणि बंदराचे नियमन :

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील दुब्रोव्हनिक हे शहर इतिहासात रागुझा या नावाने ओळखले जाते. १२०५ ते १३५८ या काळात त्यावर व्हेनिसचे प्रभुत्व होते. १३५८ च्या झादरच्या तहानंतर हंगेरीच्या राजाचे नाममात्र स्वामित्व मान्य करून रागुझाने प्रत्यक्षात स्वतंत्र कारभार सुरू केला. पुढे १४५८ पासून ऑटोमन सुलतानास वार्षिक खंडणी देऊन या चिमुकल्या प्रजासत्ताकाने बाल्कन प्रदेशातील व्यापाराची द्वारे आपल्यासाठी खुली ठेवली. मोठे सैन्य व विस्तृत भूप्रदेश नसतानाही मुत्सद्देगिरी आणि नौकानयन यांच्या बळावर ते सुमारे साडेचार शतके टिकून राहिले. मोठ्या व्यापारी जहाजासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘आर्गोसी’ हा शब्द रागुझाच्या नावावरूनच आला आहे.

या व्यापाराचे धागे भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील गवंडाळी येथील साव ब्राज चर्चचा संबंध सोळाव्या शतकातील रागुझाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. साव ब्राज म्हणजेच संत व्लाहो हे दुब्रोव्हनिकचे संरक्षक संत असून ३ फेब्रुवारी रोजी त्यांचा उत्सव तेथे आजही साजरा होतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे १३७७ चा कायदा होय. १३४८ च्या प्लेगच्या महामारीने युरोपची अपरिमित हानी केली होती. त्यानंतरही साथी पुनःपुन्हा येत राहिल्या. अशा वेळी शहराच्या शासकांसमोर दोन सोपे मार्ग होते. बंदर पूर्णपणे बंद केले असते तर व्यापारावर जगणारे शहर उपाशी राहिले असते आणि बंदर सताड उघडे ठेवले असते तर शहर रोगाने ओस पडले असते. १३७७ मध्ये महापरिषदेने तिसरा मार्ग स्वीकारला. साथग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी शहरात प्रवेश करण्यापूर्वी मरकान या बेटावर किंवा त्सावतात या गावी तीस दिवस राहिले पाहिजे, असा निर्बंध घालण्यात आला. जगातील संघटित विलगीकरणाच्या व्यवस्थेचा हा आरंभ मानला जातो. ‘क्वारंटाइन’ या शब्दात अभिप्रेत असलेली चाळीस दिवसांची मुदत नंतर रूढ झाली.

पुढे १५९० मध्ये शहराच्या पूर्वेकडील प्लोचे वेशीबाहेर लाझारेत, म्हणजे विलगीकरणगृहे, बांधण्यास प्रारंभ झाला. ते काम सतराव्या शतकात पूर्ण झाले. ऑटोमन प्रदेशातून येणारे व्यापारी तांडे व त्यांचा माल तेथे ठरावीक मुदतीपर्यंत ठेवला जाई आणि नंतरच त्यांना वेशीच्या आत प्रवेश मिळे. या व्यवस्थेचा हेतू व्यापार थांबविण्याचा नव्हता, तो सुरक्षितपणे चालू ठेवण्याचा होता, ही गोष्ट येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. अर्थात रागुझाचे शासन लोकशाही नव्हते. सत्ता मूठभर सरदार घराण्यांच्या हाती होती आणि सामान्य कारागीर, खलाशी व मोलकरणी यांना निर्णयप्रक्रियेत स्थान नव्हते. तरीही निर्णय घेणारे लोक त्याच तटबंदीच्या आत राहत होते व निर्णयाचे बरेवाईट परिणाम त्यांनाही भोगावे लागत होते, हे नाकारता येत नाही.

व्यापारी बंदर ते पर्यटनस्थळ :

६ एप्रिल १६६७ च्या भीषण भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले व हजारो लोक मृत्युमुखी पडले. शहराची पुन्हा उभारणी झाली, परंतु पूर्वीचे व्यापारी वैभव पूर्णतः परत आले नाही. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर ताब्यात घेतले आणि १८०८ मध्ये प्रजासत्ताक विसर्जित केले. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गेला. बंदराचे नियम ठरविण्याचा अधिकार आता दूरच्या राजधानीकडे गेला होता.

१८९७ मध्ये सुरू झालेले इम्पीरियल हॉटेल हे येथील आधुनिक पर्यटनाचे प्रारंभचिन्ह मानता येईल. युगोस्लाव्हियाच्या काळात १९५० पासून ग्रीष्म महोत्सव भरू लागला व १९७९ मध्ये जुन्या शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या काळातील पर्यटक प्रामुख्याने मुक्कामी असत. ते आठवडा-दोन आठवडे राहत, स्थानिक खाणावळीत जेवत व बाजारात खरेदी करीत.

१ ऑक्टोबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने शहरावर आक्रमण सुरू केले. ६ डिसेंबर १९९१ च्या तोफमाऱ्यात जुन्या शहराची मोठी हानी झाली. त्याच वर्षी या स्थळाची नोंद धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत करण्यात आली आणि दुरुस्तीचे काम झाल्यावर १९९८ मध्ये ते या यादीतून वगळण्यात आले. युद्धाने हॉटेले व रोजगार उद्ध्वस्त झालेल्या शहराला परकीय चलनाची नितांत गरज होती. पर्यटन जहाजाला मुक्कामासाठी हॉटेल लागत नाही, केवळ धक्का किंवा नांगर टाकण्याची जागा पुरते. त्यामुळे या जहाजांचे झालेले स्वागत त्या परिस्थितीत स्वाभाविक होते.

महाकाय जहाजांचा उदय :

१९५८ नंतर अटलांटिकपार जेट विमानसेवा सुरू झाली व प्रवासी आगबोटींचे युग संपुष्टात येऊ लागले. १९६० च्या दशकापासून कॅरिबियन समुद्रात केवळ सहलीसाठी जहाजे चालविण्याचा व्यवसाय वाढीस लागला. १९८८ चे ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ७३,००० ग्रॉस टनांचे होते. १९९६ मध्ये ‘कार्निव्हल डेस्टिनी’ने एक लाख टनांची मर्यादा ओलांडली, २००९ चे ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ सव्वादोन लाख टनांचे होते आणि जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,००० टनांचे आहे. जहाज मोठे झाले की दरडोई खर्च घटतो, हे या वाढीमागील अर्थशास्त्र होय.

जहाजांचा आकार वाढला, परंतु मध्ययुगीन शहरांचा आकार वाढू शकत नव्हता. दुब्रोव्हनिकच्या तटाची लांबी १,९४० मीटर असून स्त्रादून हा मुख्य रस्ता जेमतेम ३०० मीटरचा आहे. लहान शहर व मोठे जहाज यांच्यातील हा विसंवाद हेच या समस्येचे मूळ आहे.

लहान शहरावरील परिणाम :

अ) आर्थिक परिणाम : २०१३ च्या सुमारास दुब्रोव्हनिकला वर्षाकाठी सुमारे दहा लाख जहाज प्रवासी भेट देत होते. एवढ्या संख्येमुळे बंदर शुल्क, बससेवा, मार्गदर्शक, तटबंदीची प्रवेश तिकिटे यांतून उत्पन्न मिळाले, हे खरे आहे. परंतु प्रवाशाचे भोजन, निवास व करमणूक यांचे पैसे जहाजावर आधीच भरलेले असतात. किनाऱ्यावरील सहलींची विक्रीही बहुतांशी जहाजावरच होते व त्यातील वाटा कंपनी घेते. चार-सहा तासांत परतावयाचे असल्याने प्रवासी पाणी, आइस्क्रीम व एखादी स्मरणवस्तू यापलीकडे फारशी खरेदी करीत नाही. कचरा, सांडपाणी, वाहतूक व स्वच्छता यांचा भार मात्र शहरावर पडतो.

आ) सामाजिक परिणाम : १९९१ मध्ये जुन्या शहरात सुमारे ५,००० लोक राहत होते. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संख्या दीड हजारांच्या आसपास उरली. या स्थलांतरास केवळ जहाजे जबाबदार नाहीत. घरे पर्यटकांना भाड्याने देणे अधिक लाभदायक ठरल्याने व २०११ पासून येथे चित्रित झालेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या लोकप्रियतेने त्यास गती मिळाली. परंतु जहाजांची गर्दी एकाच वेळी, एकाच वेशीतून येते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. प्रत्येकी तीन हजार प्रवासी असलेली तीन जहाजे एकाच सकाळी आली, तर येणाऱ्यांची संख्या रहिवाशांच्या सहापट होते. अशा वेळी शाळेत जाणारे मूल किंवा भाजी आणणारी वृद्धा यांना स्वतःच्या गल्लीतून वाट काढणे कठीण होते. हळूहळू किराणा दुकानाच्या जागी स्मरणवस्तूंचे दुकान येते. रहिवासी कमी झाले म्हणून दैनंदिन सोयी कमी होतात व सोयी कमी झाल्या म्हणून उरलेले रहिवासीही बाहेर पडतात. १६६७ च्या भूकंपानंतर व १९९१ च्या तोफमाऱ्यानंतरही लोक परत आले होते. या वेळी त्यांच्या परतण्यासाठी घरच शिल्लक राहिले नाही.

इ) वारशावरील परिणाम : २०१० च्या दशकाच्या मध्यास युनेस्कोच्या वतीने जुन्या शहरात एकाच वेळी ८,००० पेक्षा अधिक पर्यटक असू नयेत, अशी सूचना करण्यात आली. धोक्यातील वारसास्थळ म्हणून पुन्हा नोंद होण्याची शक्यता निर्माण झाली. पहिल्या वेळी त्यास युद्ध कारणीभूत होते, तर या वेळी कारणीभूत होती ती लोकप्रियता.

नियमनाचे पुनरागमन :

२०१७ मध्ये मातो फ्रांकोविच महापौरपदी निवडून आले व ‘शहराचा आदर करा’ या आशयाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. जुन्या शहराच्या वेशींवर कॅमेऱ्यांच्या साहाय्याने गर्दीची मोजदाद होऊ लागली. २०१९ मध्ये पर्यटन जहाज कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी करार होऊन एका वेळी दोन जहाजे व सुमारे ४,००० प्रवासी अशी मर्यादा निश्चित झाली. जहाजांच्या येण्याच्या वेळा विभागून गर्दीचा एकाच वेळी पडणारा ताण कमी करण्यात आला.

त्यानंतर लगेचच २०२० च्या कोविड महामारीने जगभरातील पर्यटन जहाजे थांबविली. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज विलगीकरणात ठेवण्यात आले व त्यावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जण बाधित आढळले. १३७७ च्या कायद्यातील प्रश्न सहा शतकांनंतर जगासमोर पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी दुब्रोव्हनिकचे ओस पडलेले रस्ते शहराच्या पर्यटनावरील परावलंबनाची साक्ष देत होते. बंदर बंद करणे हा उपाय नव्हे, हा जुना धडाही त्यातून अधोरेखित झाला.

या नियमनाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. एका बंदराने मर्यादा घातली की जहाजे शेजारच्या बंदराकडे वळू शकतात. दुब्रोव्हनिकजवळच असलेले माँटेनेग्रोतील कोटोर हेदेखील असेच लहान, तटबंदीयुक्त वारसा शहर आहे. शिवाय जहाजांवर मर्यादा घातल्याने विमानाने येणाऱ्यांची संख्या किंवा घरांची भाडी कमी होत नाहीत.

भारतीय पश्चिम किनाऱ्याचा संदर्भ :

भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली व २०२९ पर्यंत जहाज प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मुंबई व मुरगाव ही मोठी बंदरे असल्याने हा भार पेलू शकतील. परंतु कोकणातील लहान खाड्या, किल्ले व मच्छीमार वस्त्या यांचा विचार करताना दुब्रोव्हनिकचा अनुभव उपयुक्त ठरावा. तेथे मर्यादा घातली गेली ती निम्म्याहून अधिक रहिवासी निघून गेल्यानंतर. आपल्याकडे मर्यादेची चर्चा जहाजे येण्यापूर्वी करण्याची संधी अद्याप उपलब्ध आहे.

निष्कर्ष :

१. १३७७ च्या कायद्याने बंदर खुले ठेवूनही प्रवेशाच्या अटी निश्चित करता येतात, हे सिद्ध केले.
२. महाकाय जहाजांच्या समस्येचे मूळ जहाज व शहर यांच्या आकारातील विषमतेत तसेच लाभ व भार यांच्या असमान वाटणीत आहे.
३. युद्धोत्तर आर्थिक निकडीमुळे शहराने अटी न घालता जहाजांचे स्वागत केले आणि त्याची किंमत प्रामुख्याने जुन्या शहरातील रहिवाशांना मोजावी लागली.
४. २०१९ चा करार हा बंदराच्या जुन्या अधिकाराचे अंशतः पुनरुज्जीवन होय. तथापि शेजारील बंदरांच्या सहकार्याविना व गृहनिर्माणविषयक धोरणाविना तो अपुरा आहे.

प्लोचे वेशीबाहेरील लाझारेतच्या इमारती आजही उभ्या असून त्यांचा वापर सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी केला जातो. पर्यटक त्या कुतूहलाने पाहतात. परंतु येणाऱ्याचे स्वागत करण्यापूर्वी आपल्या घराची क्षमता जाणून घ्यावी, हा त्या इमारतींमागील विचार केवळ प्रेक्षणीय ठरू नये. जगातील प्रत्येक लहान बंदराने तो धोरण म्हणून स्वीकारणे ही काळाची गरज आहे.