घरची मोटार आणि शर्यतीचा मार्ग

बैलगाडीच्या चाकासाठीं सुतारानें तुंबा, आरे व पुठ्ठे जोडून दिले, कीं लोहार त्यावर तापविलेली लोखंडी धांव चढवितो. पाणी पडतांच ती धांव आकसते आणि सारें चाक आवळून धरते. चाकाचा सांगाडा आणि जमिनीला लागणारी धांव हीं दोन निराळीं अंगें असून त्यांची निवड परस्परांस शोभेल अशीच करावी लागते, हें ज्ञान खेड्यांतील कारागिरांस पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोटारीच्या जगास मात्र तेंच ज्ञान शर्यतीच्या मार्गावर, पुष्कळ द्रव्य आणि कांहीं प्राणही खर्चीं घालून मिळवावें लागलें.

रोजच्या वापराची मोटार एखाद्या दिवशीं शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर नेऊन हौसेनें चालविण्याची प्रथा आज अनेक देशांत रूढ आहे. तिला ‘ट्रॅक डे’ असें म्हणतात. तेथें कोणाशीं स्पर्धा नसते आणि बक्षीसही नसतें. मनुष्य आपलें कसब अजमावतो आणि सायंकाळीं त्याच मोटारींतून घरीं परततो. अशा दिवसाची तयारी करणारा नवखा प्रथम विचारतो, तें हेंच, कीं चाकें कोणतीं घ्यावीं आणि टायर कोणते चढवावे. या प्रश्नाचें उत्तर दुकानांत शोधण्यापूर्वीं इतिहासांत शोधणें अधिक हिताचें आहे.

हवेनें भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थास १८४५ सालींच सुचली होती व तिचें पेटंटही त्यानें घेतलें होतें. परंतु ती विस्मरणांत गेली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती नव्यानें सिद्ध केली. जड मोटारीला मात्र हवेचा आधार पुरेल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दो व परत पॅरिस अशी सुमारे १,१७८ किलोमीटरांची शर्यत झाली, तेव्हां आंद्रे व एदुआर मिशलें या बंधूंनीं आपली मोटार हवेच्या टायरांवर चालविली. त्यांचे टायर वरचेवर फुटले आणि ते ठरलेल्या मुदतींत पोहोंचूं शकले नाहींत. हंसणाऱ्यांना हंसावयास कारण मिळालें, तरी मोटारीला हवेवर चालवितां येतें, एवढें त्या पराभवानें सिद्ध केलें.

यानंतरचा धडा चाकाचा होता. १९०६ सालीं ल माँ येथें फ्रान्सची पहिली ग्राँ प्री शर्यत भरली. दोन दिवसांत सुमारे १०३ किलोमीटरांच्या बारा फेऱ्या पुऱ्या करावयाच्या होत्या. टायर फुटल्यास चालक व त्याचा मेकॅनिक या दोघांनींच तो बदलावा, असा नियम होता. लांकडी आऱ्यांच्या चाकावरील टायर कापून काढून नवा चढविण्यास सुमारें पाव तास लागे. रेनोचा चालक फेरेन्त्स सिस याच्या मोटारीस मात्र टायरसह सुटी होणारी कड बसविलेली होती व ती चार मिनिटांच्या आंत बदलतां येई. सिस ती शर्यत जिंकला. परंतु ही सोय फुकटची नव्हती. अशा प्रत्येक कडेनें चाकाचें वजन सुमारें नऊ किलो वाढे, आणि मोटारीचें वजन १,००० किलोंहून अधिक असूं नये, हा दंडक असल्यामुळें कांहीं मोटारींना ती वापरतांच आली नाहीं. चाकाच्या निवडींत एक लाभ घेतां दुसरा सोडावा लागतो, हें त्या दिवशीं उघड झालें.

इंग्लंडांतील ब्रुकलँड्सचा मार्ग १९०७ सालीं खुला झाला. तेथें पर्सी लँबर्ट यानें १५ फेब्रुवारी १९१३ रोजीं एका तासांत शंभराहून अधिक मैल जाण्याचा पराक्रम प्रथम केला. पुढें इतरांनीं तो विक्रम मोडला. तो परत मिळविण्यासाठीं ३१ ऑक्टोबर रोजीं लँबर्ट पुन्हां त्याच मार्गावर उतरला. भर वेगांत मागचा टायर फुटला, मोटार उलटली आणि लँबर्ट मृत्यु पावला. मार्ग त्याच्या नित्य परिचयाचा होता. हाताचें कसबही तेंच होतें. एका टायरनें दगा देतांच त्या कसबाचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

सुंदर चाकाला वाईट टायर मिळाला तर काय होतें, याचा दाखला १९२४ सालीं लियाँ येथें मिळाला. एत्तोरे बुगाती यानें आपल्या नव्या मोटारींना ॲल्युमिनियमचीं ओतीव, हलकीं चाकें बसविलीं होतीं. ब्रेकचा ड्रमही चाकांतच ओतलेला होता. तीं चाकें आज संग्रहालयांत कौतुकानें पाहिलीं जातात. परंतु त्या शर्यतींत टायरांचें रबर नीट भाजलेलें नसल्यामुळें त्यांचे थर सुटूं लागले आणि त्या मोटारींच्या पदरीं यश आलें नाहीं. चाकानें शोभा येते, हलकेपणाही येतो. परंतु मोटारीचा जमिनीशीं संबंध टायरच्या तळहाताएवढ्या भागानेंच जुळतो.

हौशी माणसाच्या दृष्टीनें त्याहून मोठी घटना १९२७ सालची आहे. जर्मनीच्या आयफेल डोंगरांत न्युर्बुर्गरिंग हा मार्ग खुला झाला आणि शर्यती नसतील त्या दिवशीं पैसे भरून कोणासही आपली मोटार तेथें चालविण्याची मुभा मिळाली. बाजारांत जाणारी मोटार आणि शर्यतीचा मार्ग यांची भेट तेथें नित्याची झाली. १९४६ सालीं मिशलें कंपनीनें रेडियल टायरचें पेटंट घेतलें. त्यांत कापडाचे दोरे तिरपे न जातां कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात आणि तळाखालीं पोलादी पट्टा असतो. यामुळें पकड वाढली व आयुष्यही वाढलें. परंतु आरंभीच्या रेडियल टायरांची पकड सुटे ती अचानक. जुने टायर मात्र हळूहळू घसरून आधीं इशारा देत.

या साऱ्या इतिहासाचें सार नवख्याच्या उपयोगाचें आहे. त्याला सर्वांत अधिक पकडीचा टायर नको, तर पकड सुटण्यापूर्वीं बोलणारा टायर हवा. चांगला साधा टायर मर्यादा जवळ येतांच किंचाळूं लागतो, आणि हा आवाज हाच नवख्याचा शिक्षक असतो. अति मऊ टायर चुका झांकून ठेवतो आणि पकड सोडतो, तेव्हां वेग पुष्कळ वाढलेला असतो. अमेरिकेच्या पद्धतीप्रमाणें टायरच्या कुशीवर झिजेचा आंकडा छापलेला असतो. तो २०० वा त्याहून कमी असेल तर रबर चिकट परंतु अल्पायुषी समजावें. पहिल्या वर्षीं ३०० च्या आसपासचा टायर पुरेसा होतो.

चाकांच्या बाबतींत तर पहिल्या दिवसासाठीं कारखान्याचीं मूळ चाकेंच उत्तम. तीं तडकलेलीं नसावींत आणि त्यांचे नट मापाच्या पान्यानें आवळावेत. पहिल्या फेऱ्यांनंतर चाकें निवलीं म्हणजे पुन्हां तपासावेत. टायरवरील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. जुना टायर दिसावयास नवा असला तरी घेऊं नये. भार व वेग यांची क्षमता निर्मात्यानें सांगितल्याहून कमी नसावी. फेऱ्यांच्या उष्णतेनें आंतील हवेचा दाब चढतो. तो मार्गावर कमी केल्यास टायर निवाल्यावर पुन्हां हवा भरूनच घरची वाट धरावी. पुढें हौस टिकली तर दुसरा संच घ्यावा. तेव्हां चाक हलकें असावें, ब्रेकला घासूं नये, तुंब्याचें भोंक व बोल्टांचीं छिद्रें तंतोतंत जुळावींत आणि टायरसह एकूण व्यास मूळचाच राहावा.

पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मार्गावर जाणाऱ्या हौशी माणसास येतां-जातां दोन हजारांहून अधिक किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो; मिशलें बंधूंच्या शर्यतीहून हा प्रवास लांब आहे. त्यांत खड्डे आहेत, पावसाची सर आहे आणि रात्रीं समोरून येणारा ट्रकही आहे. पाणी बाहेर टाकणाऱ्या खांचा उथळ असतील, तर मार्गावर वांचविलेले दोन क्षण या रस्त्यावर महाग पडतात. यास्तव टायर किती वेगानें फेरी पुरी करवितो हें मागाहून विचारावें. तो घरीं परत आणील कीं नाहीं, हें आधीं विचारावें.